मुरगावचे पाणी आणि तटस्थतेची किंमत

दरवर्षी १९ डिसेंबर उजाडला की गोवामुक्तीचे स्मरण होते. १९६१ सालची भारतीय सेनेची विजयी कारवाई, सत्याग्रहींनी सोसलेल्या गोळ्या आणि तुरुंगवास, पणजीच्या सचिवालयावर फडकलेला तिरंगा यांची उजळणी होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु या उत्सवी स्मरणात एक अवघड प्रश्न बहुधा विचारायचाच राहून जातो. ज्याच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही असे म्हटले जाई, तो ब्रिटन १९४७ साली येथून गेला. १९५४ साली फ्रान्सनेही पुदुच्चेरीचा ताबा सोडला. मग युरोपच्या एका कोपऱ्यातील, दरिद्री आणि लष्करीदृष्ट्या दुबळा पोर्तुगाल त्यानंतरही सात वर्षे भारताच्या छातीवर कोणाच्या बळावर बसून राहिला?

या प्रश्नाची दोन उत्तरे ठरलेली आहेत. सालाझारचा हट्ट हे पहिले आणि पंडित नेहरूंचा संकोच हे दुसरे. दोन्ही खरी आहेत, पण दोन्ही मिळूनही उत्तर पुरे होत नाही. तिसरे कारण १९४३ या एका वर्षात दडलेले आहे. त्या वर्षी महायुद्धात गुंतलेल्या सत्तांनी तटस्थ पोर्तुगालला आपल्या बाजूला ओढण्यासाठी जो व्यवहार केला, त्या व्यवहारात गोमंतकाचे भवितव्यही तारण ठेवले गेले. हे तारण कोणी ठेवले, कोणासाठी ठेवले आणि ते सोडवताना किंमत कोणी मोजली, हे मराठी वाचकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबरला हिंदुस्थान युद्धात असल्याची घोषणा केली. चाळीस कोटींच्या देशाला कोणी विचारले नाही. त्याच वेळी लिस्बनमध्ये सालाझारने पोर्तुगाल तटस्थ राहील असे जाहीर केले आणि गोव्यालाही कोणी विचारले नाही. परिणाम असा झाला की, तेरेखोल नदीच्या उत्तरेकडील कोकणी शेतकरी युद्धखोर साम्राज्याचा प्रजाजन ठरला आणि दक्षिण काठावरचा त्याचाच सोयरा तटस्थ राष्ट्राचा. एकच भाषा, एकच दैवते, एकाच पंगतीत बसणारी माणसे. पण आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नकाशावर मध्ये युद्धाची रेषा. परक्यांनी आखलेल्या सीमा किती कृत्रिम असतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

या रेषेचा पहिला फायदा जर्मनांनी घेतला. ब्रेमेनच्या हांसा कंपनीच्या 'एहरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' आणि 'ब्राउनफेल्स' या तीन मालवाहू बोटी ब्रिटिश आरमाराच्या तावडीतून सुटण्यासाठी मुरगाव बंदरात शिरल्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर 'आन्फोरा' ही इटालियन बोट त्यांच्या सोबतीला आली. तटस्थ बंदरात आश्रय घेतलेल्या शत्रूच्या व्यापारी जहाजावर हल्ला करता येत नाही, असा नियम आहे. म्हणून मुंबईच्या नौदल गोदीपासून अवघ्या दोन-अडीचशे मैलांवर या चार बोटी ब्रिटिशांच्या डोळ्यांदेखत नांगर टाकून वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या. बाहेर अरबी समुद्रात पाणबुड्या दोस्तांची जहाजे बुडवीत होत्या आणि 'एहरेनफेल्स'वरील गुप्त बिनतारी यंत्रावरून त्यांना जहाजांच्या हालचाली कळविल्या जातात, असा ब्रिटिश हेरखात्याचा संशय होता.

तटस्थता पाळायची तर पोर्तुगालकडे तक्रार करून थांबायला हवे होते. तटस्थता मोडायची तर उघडपणे नौदल पाठवावे लागले असते आणि ऐन युद्धात लिस्बनशी वैर ओढवले असते. ब्रिटिश हेरखात्याच्या हिंदुस्थानातील विशेष शाखेने तिसरा मार्ग काढला. 'कलकत्ता लाइट हॉर्स' या स्वयंसेवी पथकातील आणि त्याच्या जोडीला 'कलकत्ता स्कॉटिश'मधील निवडक मंडळी गोळा करण्यात आली. ताग, चहा आणि आडतीच्या कचेऱ्यांतून काम करणारे, बहुतेक मध्यमवयीन, क्लबात रमणारे असे हे गोरे साहेब. पकडले गेले तर सरकारने हात झटकावेत, हीच त्यांच्या निवडीमागची मेख होती. 'फीबी' नावाची गाळ वाहणारी बार्ज कलकत्त्याहून सिलोनला वळसा घालून आली, पथकातील माणसांना तिने कोचीनला घेतले आणि ९ मार्च १९४३ च्या पहाटेपूर्वीच्या काळोखात ती मुरगावात शिरली. 'एहरेनफेल्स'वर चढाई झाली, कप्तानासह काही जर्मन मारले गेले. बोट शत्रूच्या हाती पडू नये म्हणून खलाशांनी तिच्या तळाच्या झडपा उघडल्या आणि ती बुडाली. ती ज्वाला पाहून उरलेल्या तिन्ही बोटींच्या खलाशांनीही आपापल्या बोटी पेटवून दिल्या. हल्लेखोर जसे आले तसेच निघून गेले. पस्तीस वर्षे या प्रकरणाची कोठे वाच्यता झाली नाही. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांचे पुस्तक आले आणि १९८० मध्ये ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन यांचा 'द सी वुल्व्हज्' हा चित्रपट.

त्या चित्रपटाने जगाला एक गमतीदार साहसकथा दिली. म्हाताऱ्या साहेबांनी केलेली शेवटची मर्दुमकी असा तिचा थाट आहे. गोवा त्यात आहे तो माड, मेजवान्या आणि दिव्यांचा झगमगाट म्हणून. ज्यांच्या बंदरात परक्यांनी परक्यांना मारले, ते गोमंतकीय मात्र पडद्यावर कोठेतरी मागे हुजऱ्यासारखे वावरतात. शिवाय या चढाईने हिंदी महासागरातील पाणबुड्यांचा उपद्रव संपला, हा लोकप्रिय दावाही तपासून घ्यायला हवा. जर्मनीच्या 'मान्सून' गटाच्या पाणबुड्या या सागरात उतरल्या त्या १९४३ च्या उत्तरार्धात, म्हणजे मुरगावच्या बोटी तळाशी गेल्यानंतर. त्यांचा तळ दूर मलायातील पेनांगला होता. 'एहरेनफेल्स'वरील यंत्राने नेमके काय साधले होते, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. धाडस खरे होते, याबद्दल वाद नाही. पण धाडस खरे असले म्हणजे त्याचे समर्थनही खरे ठरते असे नाही.

ब्रिटिशांनी गोव्याची तटस्थता गुंडाळून ठेवण्याची ही काही पहिली खेप नव्हती. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर फ्रेंचांच्या संभाव्य हल्ल्यापासून 'संरक्षण' करण्याचे निमित्त सांगून सर विल्यम क्लार्क याच्या हाताखालील ब्रिटिश फौज गोव्यात उतरली आणि १८१३ पर्यंत मुक्काम ठोकून राहिली. दोनापावल येथील ब्रिटिश दफनभूमी त्या पाहुणचाराची साक्ष देत आजही उभी आहे. पुढे १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये मिठाचा मक्ता आणि जकातीची सूत्रे ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या हाती गेली. मुरगाव बंदर आणि तेथून कॅसलरॉककडे जाणारी रेल्वे ब्रिटिश भांडवलावर उभी राहिली. १८९२ मध्ये तो करार संपला, पण तोवर गोव्याच्या आगरांतील मिठाचा व्यवसाय पार खचला होता. तोफ न डागताही एखाद्या प्रदेशाच्या नाड्या कशा आवळता येतात, हे मिठागरातल्या त्या माणसाला चांगले कळले असेल. पणजीत झेंडा पोर्तुगालचा होता. गाडी, बाजार आणि रुपया मात्र मुंबई-कलकत्त्याच्या तालावर चालत होते.

आता १९४३ च्या मूळ व्यवहाराकडे वळू. लिस्बन हे त्या काळी हेरांचे माहेरघर झाले होते. पोर्तुगालच्या खाणींतून निघणारे वोल्फ्रॅम, म्हणजे तोफगोळे आणि अवजारांच्या पोलादाला लागणारे टंगस्टनचे खनिज, जर्मनीलाही हवे होते आणि ब्रिटनलाही. सालाझारने ते दोघांनाही विकले आणि जर्मनीकडून सोने मोजून घेतले. जर्मनीचा विजय दिसत असताना तो तटस्थ होता आणि पारडे फिरू लागल्यावर त्याच तटस्थतेला त्याने दोस्तांच्या दिशेने हलकेच कलते केले. जून १९४४ मध्ये, दोस्त सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरत असताना, त्याने ही विक्री थांबविली. या मुत्सद्देगिरीला दाद द्यायची की तिची किळस करायची, हे ज्याने त्याने ठरवावे.

दोस्तांना वोल्फ्रॅमपेक्षाही निकडीची गरज होती ती अॅझोर्स बेटांची. अटलांटिक महासागराच्या मध्यभागी असलेल्या या पोर्तुगीज बेटांवर विमानतळ मिळाला, तर जर्मन पाणबुड्यांवर थेट झडप घालता येणार होती. ब्रिटनने त्यासाठी १३७३ सालचा इंग्लंड-पोर्तुगाल मैत्रीचा तह बासनातून बाहेर काढला. १७ ऑगस्ट १९४३ रोजी करार झाला, ८ ऑक्टोबरला ब्रिटिश तुकड्या बेटांवर उतरल्या आणि १२ ऑक्टोबरला चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये पावणेसहाशे वर्षांपूर्वीच्या त्या तहाचा मोठ्या ऐटीत दाखला दिला. मात्र सालाझार हा भावनेवर भुलणारा गृहस्थ नव्हता. त्याने किंमत मागितली. पोर्तुगालच्या सर्व वसाहतींवरील सार्वभौमत्वाचा आदर राखला जाईल, अशी हमी ब्रिटनने दिली. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेचे लिस्बनमधील प्रतिनिधी जॉर्ज केनन यांच्यामार्फत अमेरिकेनेही तशीच हमी दिली. सर्व वसाहती म्हणजे अंगोला, मोझांबिक, तिमोर, मकाव आणि अर्थात गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेलीही!

यातील विसंगती वाचकांच्या लक्षात आलीच असेल. मार्चमध्ये ज्या सार्वभौमत्वाला रात्रीच्या अंधारात पायदळी तुडविले, त्याच सार्वभौमत्वाची हमी त्याच वर्षी दिवसाढवळ्या लेखी देण्यात आली. ही विसंगती नुसती वरवरची आहे. मुळात दोन्ही कृत्यांमागील न्याय एकच होता. बंदर आपल्याला अडचणीचे झाले की तटस्थता दुय्यम, आणि बेट आपल्याला हवे झाले की सार्वभौमत्व पवित्र! दोन्ही वेळी ज्यांच्या भूमीचा सौदा होत होता, ती माणसे खिजगणतीत नव्हती. ब्रिटिशांनी स्वातंत्र्याच्या मोठमोठ्या गोष्टी कराव्यात आणि त्याच वेळी एका हिंदी प्रदेशाची गुलामी तिसऱ्याच सत्तेला तहहयात लिहून द्यावी, यापेक्षा साम्राज्यवादाचा अस्सल चेहरा तो कोणता?

त्या एका ऑक्टोबर महिन्याचे पंचांग पाहण्यासारखे आहे. अॅझोर्सवर ब्रिटिश उतरले. मुरगाव बंदरात अमेरिकेने भाड्याने घेतलेली स्वीडिश 'ग्रिप्सहोम' आणि जपानची 'तेइया मारू' या दोन बोटी येऊन थांबल्या व दोन्हीकडच्या सुमारे दीड-दीड हजार अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल झाली. सात महिन्यांपूर्वी जे बंदर पेटले होते, तेच आता दोन्ही शत्रूंना सोयीचे म्हणून पुन्हा 'तटस्थ' झाले. आणि त्याच महिन्यात, २१ ऑक्टोबरला, सिंगापुरात नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. तेव्हा काँग्रेसचे नेते तुरुंगात होते आणि बंगाल दुष्काळाने मरत होता. हिंदुस्थानच्या वतीने जगाशी बोलण्याचा अधिकार हिंदी माणसाने स्वतःकडे घ्यावा, असे सांगणारा तो एकच आवाज त्या महिन्यात उठला. बाकी सर्व बोलणी आपल्याविषयी होती, आपल्याशी नव्हती.

गोमंतकीयांची अवस्था तर याहून केविलवाणी होती. १९३० च्या वसाहत कायद्याने त्यांना पोर्तुगीज राज्यात उघडउघड दुय्यम ठरविले होते. सभाबंदी होती, छापण्याआधी प्रत्येक ओळ सेन्सॉरच्या हातून जावी लागे. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन करणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यासारख्या देशभक्तांचा आवाज दाबला जात होता. पोट भरण्यासाठी गोमंतकीय मुंबईला येत. भायखळा, माझगाव, धोबीतलाव या परिसरात गावोगावच्या नावांनी चालणारी त्यांची 'कुडे' होती. बोटीवर जाण्याआधी आणि बोटीवरून उतरल्यानंतर खलाशी, आचारी, वादक तेथे पथारी टाकीत. कागदोपत्री ही माणसे तटस्थ पोर्तुगालची प्रजा. प्रत्यक्षात ती ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर भटारखान्यात आणि इंजिनाच्या खोलीत राबत होती आणि पाणतीर लागला की ब्रिटिशांइतक्याच निर्दयपणे बुडत होती. त्यांच्या तटस्थतेने त्यांना वाचविले नाही, कारण ती तटस्थता त्यांची नव्हतीच. ती सालाझारची होती.

दुबळ्याच्या तटस्थतेचे काय होते, हे पोर्तुगीज तिमोरने त्याच सुमारास दाखवून दिले होते. डिसेंबर १९४१ मध्ये डच आणि ऑस्ट्रेलियन सैनिक तेथे पोर्तुगालचा निषेध न जुमानता उतरले. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांच्या मागोमाग जपानी आले. दोन्ही बाजूंनी तटस्थतेचा आदर करीत असल्याचे सांगत तो प्रदेश चिरडला आणि हजारो तिमोरी प्राणास मुकले. मकाव मात्र जपानने व्यापला नाही, कारण तो मोकळा ठेवणे जपानला सोयीचे होते. तटस्थतेचे रक्षण कायदा करीत नाही; ते एकतर स्वतःचे सामर्थ्य करते किंवा दुसऱ्याची सोय करते. दुसऱ्याची सोय संपली की ते संरक्षणही संपते.

१९४३ च्या हमीची सावली १९४७ नंतर आपल्यावर पडली. १९४९ मध्ये पोर्तुगाल 'नाटो'चा संस्थापक सदस्य झाला तो मुख्यतः अॅझोर्सच्या जोरावर. २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्यासह काढलेल्या निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा 'प्रांत' या अर्थाने झाला, तेव्हा भारतात संतापाची लाट उसळली. पण जो अमेरिकी लष्करी तळ अटलांटिकमध्ये उभा होता, त्याचे भाडे अशा निवेदनांतून चुकविले जात होते. जमिनीवर मात्र भारतीय माणसाने वाट पाहिली नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, त्यात सुधीर फडके यांच्यासह अनेक स्वयंसेवकांचा वाटा होता. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ, हिरवे गुरुजी, पंजाबचे कर्नैलसिंग यांच्यासह वीसहून अधिक निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगीज गोळ्यांना बळी पडले. जगन्नाथराव जोशी यांनी गोव्याच्या तुरुंगात यातना भोगल्या. मोहन रानडे यांना तर गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत लिस्बनजवळच्या तुरुंगात खितपत पडावे लागले. या रक्तपातानंतर दिल्लीने सत्याग्रहींनाच सीमेवर अडविले. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या सदिच्छेवर विसंबण्याची ती चूक होती. जी सदिच्छा बारा वर्षांपूर्वीच दुसऱ्याला विकली गेली होती, तिची प्रतीक्षा आपण करीत बसलो.

अखेर १८ डिसेंबर १९६१ रोजी सैन्य निघाले. त्याच मुरगावच्या पाण्यात 'बेतवा' आणि 'बियास' या भारतीय युद्धनौकांनी पोर्तुगालच्या 'अफोन्सो द अल्बुकर्क'ला निकामी केले. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हाने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याची सालाझारची आज्ञा बाजूला ठेवून शरणागती पत्करली. १३७३ चा तह पोर्तुगालने पुन्हा एकदा काढून पाहिला. परंतु राष्ट्रकुलातील देशाशी ब्रिटन युद्ध करणार नाही, हे लंडनने स्पष्ट केले. सुरक्षा परिषदेत मात्र अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताला माघार घ्यायला लावणारा ठराव आणला. त्याला सात मते पडली आणि तो सोव्हिएत नकाराधिकारामुळेच अडला. सोव्हिएत रशियालाही गोमंतकीयांच्या कळवळ्यापेक्षा आपला हिशेब महत्त्वाचा होता, हे विसरण्याचे कारण नाही. तरीही एक फरक पडला होता. १९४३ मध्ये आपला हिशेब मांडणारे आपले कोणी नव्हते. १९६१ मध्ये आपल्याकडे सैन्य, आरमार आणि स्वतःचे सरकार होते. १९७४ च्या अखेरीस पोर्तुगालनेही गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व कराराने मान्य केले.

या इतिहासाचा आजच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध रोखठोक आहे. हिंदी महासागरातील लहान देशांच्या बंदरांवर आजही मोठ्या सत्तांची नजर आहे. श्रीलंकेचे हंबनटोटा २०१७ मध्ये नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले. त्याच वर्षी जिबुटीत चीनचा लष्करी तळ उभा राहिला. शस्त्रे बदलली, कर्ज आणि करार आले. पण १८७८ च्या मिठाच्या मक्त्याची आठवण व्हावी अशीच ही रीत आहे. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले तेव्हा भारताने कोणाच्याही गोटात जाण्यास नकार दिला. त्यावर पश्चिमेकडून नीतीचे पाठ देण्यात आले. ज्यांच्या दप्तरात मुरगावची रात्र आणि अॅझोर्सची हमी एकाच वर्षाच्या फायलीत बांधलेली आहे, त्यांच्याकडून ते पाठ घेताना आपण थोडे सावध असलेले बरे. त्याचबरोबर आपणही स्वतःला फसवू नये. आपला अलिप्तपणा टिकला तर तो आपल्या शेतात पिकणाऱ्या धान्यावर, आपल्या कारखान्यांत बनणाऱ्या शस्त्रांवर आणि आपल्या आरमाराच्या पल्ल्यावर टिकेल. नुसत्या घोषणांवर तो टिकणार नाही.

आणखी एक कर्तव्य आपल्यावर आहे. मुरगावच्या त्या रात्रीची कथा आजवर इंग्रजांनी इंग्रजांसाठी सांगितली. पणजीच्या पुराभिलेखागारातील आणि लिस्बनमधील पोर्तुगीज कागदपत्रे वाचून, युद्धकाळातील गोमंतकाचा इतिहास मराठी आणि कोकणीत लिहिणारे तरुण अभ्यासक पुढे यायला हवेत. महाराष्ट्र आणि गोव्याच्या विद्यापीठांनी पोर्तुगीज भाषा शिकविण्याची सोय वाढवावी आणि अशा संशोधनाला शिष्यवृत्त्या द्याव्यात. परक्यांच्या बोटींवर बुडालेल्या गोमंतकीय खलाशांची नावे एकत्र करून मुरगाव बंदरावर त्यांचे एक साधे स्मारक उभारावे. ज्या समाजाला आपल्या भूमीचे सौदे कोणी, केव्हा आणि किती किमतीला केले हे ठाऊक नसते, त्याच्या भूमीचे सौदे पुन्हा होण्यास वेळ लागत नाही.